न दिलेलं गाणं

परवा आमच्या महिला मंडळातल्या दोघी घरी आल्या होत्या. येत्या भाद्रपदात सासूबाईंना जाऊन वर्ष होईल. दशलक्षण पर्वातल्या एका संध्याकाळी त्यांची आठवण म्हणून त्यांचीच स्तवनं मंदिरात लावायची, असं मंडळानं ठरवलंय. त्यांची जुनी कॅसेट माझ्याकडे आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण उठता उठता त्यातली एक म्हणाली, "वहिनी, आईंचं आजारपणातलंही रेकॉर्डिंग आहे म्हणे तुमच्या मोबाईलवर. तेच द्या ना. ऐकताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. नंतर ग्रुपवरही टाकू."

मी "बघते" म्हटलं. आपण बायका "बघते" कधी म्हणतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. "नाही" म्हणायचं धैर्य नसलं की.

सासूबाईंचं माहेर उदगीरकडचं. लग्न होऊन काचीगुड्याच्या या घरात आल्या, तेव्हा सोबत आणलेल्या ट्रंकेपेक्षा त्यांच्या गळ्याचंच कौतुक जास्त झालं, असं सगळे सांगतात. गाणं शिकल्या नव्हत्या. पण चाळीस वर्षं आमच्या मंदिरात पूजेच्या वेळी पहिला सूर त्यांचा लागायचा आणि मग बाकीच्यांचे. १९८७ साली त्यांच्या भाच्यानं टू-इन-वनवर त्यांची आठ स्तवनं भरून घेतली. मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येते, कुणीतरी पोराला दटावतं, पण आवाज असा की अजूनही अंगावर काटा येतो.

आठ वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं थांबलं. सहा महिन्यांनी तुटक शब्द यायला लागले. गाणं मात्र बंदच. एकदा त्या स्पष्ट म्हणाल्या, "माझं आता कुणाला ऐकवू नका." आणि मग वर्षा-दीड वर्षानं, एका दुपारी डाव्या हातानं तांदूळ निवडता निवडता त्या गुणगुणायला लागल्या. बोलताना अडखळणारे शब्द गाण्यात मात्र एकामागून एक येत होते. डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं. आवाज पहिला नव्हता. शब्दाच्या मध्येच श्वास घ्यावा लागायचा, वरचा सूर लागायचा नाही, तिथं त्या नुसत्या थांबायच्या. त्या थांबण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मोबाईल सुरू केला. एकदा नाही, सहा वेळा. त्यांना पत्ता नव्हता.

आता या सहा रेकॉर्डिंगांचं काय करायचं? मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला असते. तिला गिटारचा नाद आहे. फोनवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी तुला एक म्हातारा पाठवते. आधी तो ऐक."

म्हातारा म्हणजे मिसिसिपी जॉन हर्ट. अमेरिकेच्या दक्षिणेतला काळा शेतमजूर. कापसाच्या शेतात राबणाऱ्या या लोकांची जी गाणी, त्यांना तिकडे ब्लूज म्हणतात. आपल्या जात्यावरच्या ओव्या जशा कष्टातून आणि मनातल्या सलातून आल्या, तशीच ही. मला इंग्रजी शब्द निम्मे कळले नाहीत. पण तो गातो असा, की ओट्याशी उभं राहून काम करता करता कुणी आपल्याशीच बोलतंय.

त्याची गोष्ट अशी. १९२८च्या फेब्रुवारीत ओके नावाच्या कंपनीनं त्याला मेंफिसला नेऊन त्याची आठ गाणी मुद्रित केली. बाजारात आणली फक्त दोन. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कला नेऊन आणखी घेतली. रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत, मग अमेरिकेत मंदी आली, आणि हा आपला अ‍ॅव्हलॉन नावाच्या खेड्यात परत शेतावर. पस्तीस वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. १९६३ साली टॉम हॉस्किन्स नावाचा एक तरुण, त्याच्याच एका जुन्या गाण्यात आलेलं गावाचं नाव धरून, शोधत शोधत तिथं पोचला. हर्ट तेव्हा सत्तरीच्या घरातला. जवळ स्वतःची गिटारसुद्धा नव्हती. पाहुण्याची गिटार हातात घेऊन वाजवायला बसला. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या मोठ्या संगीत महोत्सवात तो गायला, पुढची तीन वर्षं गात राहिला, नवी ध्वनिमुद्रणं केली. १९६६च्या नोव्हेंबरात गेला. शेवटच्या वर्षातलं मुद्रण तर तो गेल्यावर, १९७२ मध्ये बाहेर आलं.

मी मुलीला म्हटलं, "म्हणजे द्यावं म्हणतेस?" ती म्हणाली, "मी काहीच म्हणत नाही. तू ऐक."

ऐकलं, आणि दोन दिवस मनाशी तोलत राहिले. हर्टनं गाणी दिली होती. १९२८ सालीही दिली होती, म्हातारपणीही दिली. मेंफिसची ती सहा गाणी लोकांपर्यंत गेली नाहीत ती त्याची इच्छा नव्हती म्हणून नाही, दुकानदारानं ती पुढं ढकलली नाहीत म्हणून. घरून डबा भरून निघाला आणि पोचवणाऱ्यानं वाटेतच ठेवून दिला. असा डबा सापडला तर उघडावा, त्यात पाप नाही. पण माझ्या मोबाईलमधला डबा कुणी भरून दिलेला नव्हता. तो मी मागच्या दारानं उचललेला.

दुसरी गोष्ट आपल्या हैदराबादचीच. बशीरबागच्या उड्डाणपुलाखालून तुम्ही-आम्ही रोज जातो. तिथं पूर्वी बशीरबाग पॅलेस होता. वाडा गेला, नाव वस्तीला उरलं. त्या वाड्यात उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांनी १९६८च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. लाहोरजवळच्या कसूरचा जन्म, फाळणीनंतर ते पाकिस्तानातले झाले, पण मन तिथं रमलं नाही. मोरारजी देसाई यांच्या मदतीनं त्यांना १९५७ मध्ये भारताचं नागरिकत्व मिळालं. आणि शेवट झाला आमच्या गावात. जुन्या शहरातल्या दायरा मीर मोमिनमध्ये त्यांची कबर आहे आणि बशीरबागेतल्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल कोण जाणे.

या खाँसाहेबांनाही शेवटच्या काही वर्षांत पक्षाघातानं गाठलं होतं. ज्यांचा आवाज तीनही सप्तकांत पाण्यासारखा फिरायचा, त्या माणसाचं अर्धं अंग ऐकेना. तरी ते गायला बसत. शेजारी मुलगा, मुनव्वर अली खाँ. वडील थांबले की मुलगा सूर धरायचा, वडिलांना श्वास मिळाला की ते पुन्हा घ्यायचे. अशा अवस्थेतही ते लोकांसमोर गात राहिले, मुलाचा आधार घेऊन, अगदी अखेरपर्यंत.

हे वाचलं तेव्हा मला आधी वाटलं, झालं, उत्तर मिळालं. एवढा मोठा गवई मोडलेला आवाज घेऊन लोकांसमोर बसला. मग आमच्या आईंच्या मोडलेल्या आवाजात लाज कसली? आपले कुमार गंधर्वही आठवले. बेळगावकडच्या सुळेभावीचं हे लेकरू, बालपणीच गाजलेलं. १९४७ मध्ये क्षयानं गाठलं, देवासला जाऊन अंथरुणाला खिळले, सहा वर्षं गाणं बंद. परतले ते वेगळं गाणं घेऊन. छोट्या श्वासाचं, पण पडल्या पडल्या कानांवर आलेल्या माळव्याच्या लोकगीतांनी भरलेलं. आजारानं आवाजातून काही काढून घेतलं आणि काही त्यात ठेवलंही. म्हणजे मोडलेला आवाज हा कमी आवाज नव्हे, एवढं तर नक्की.

पण मुद्दा तो नव्हताच. खाँसाहेब स्वतः येऊन बसले होते. समोर लोक आहेत, आपला आवाज कसा लागतोय, हे त्यांना माहीत होतं. माहीत असून त्यांनी दिलं. कुमारजींनीही दिलं. आवाज चांगला की वाईट हा प्रश्न गाण्याचा झाला. तो दिला की घेतला, हा प्रश्न वागण्याचा आहे.

तिसरं नाव अन्नपूर्णा देवींचं. मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही लेक सूरबहार वाजवायची. पन्नाशीच्या दशकात पंडित रविशंकर यांच्याबरोबर त्यांचं वादन लोकांनी ऐकलं, आणि नंतर त्यांनी लोकांसमोर वाजवणं कायमचं थांबवलं. पुढं मुंबईत दार बंद करून राहिल्या. हरिप्रसाद चौरसिया, नित्यानंद हळदीपूर असे शिष्य घडवले, पण स्वतःची एक ध्वनिमुद्रिका काढू दिली नाही. २०१८ मध्ये त्या गेल्या. तरीही त्यांचं थोडं वादन आज आपल्याला ऐकायला मिळतं, कारण त्या जुन्या कार्यक्रमांची मुद्रणं मागं राहिली आणि हातोहात फिरत राहिली.

मी ते ऐकलंय. खोटं कशाला बोलू? ऐकून रडलेय. आणि मग मनात आलं, की या बाईनं उभ्या आयुष्यात मला हे दिलेलं नाही.

आपल्याकडे चोरीची व्याख्या किती सरळ केली आहे पाहा. पाठशाळेत अचौर्य अणुव्रत शिकताना आम्हाला सांगायचे, न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. वस्तू सोन्याची की तांब्याची, घेणाऱ्याचा हेतू गोड की कडू, हा विचारच तिथं नाही. दिलं होतं का, एवढंच. आणि दुसऱ्यानं चोरून आणलेलं आपण घेतलं तर तोही त्या व्रताचा अतिचार. लहानपणी वाटायचं, हे सोनारासाठी आणि किराणा दुकानदारासाठी आहे. ऐकणाऱ्या कानांसाठीही असू शकतं, हे पन्नाशीत कळलं.

अर्थात दुसरी बाजूही आहे. खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात राग कसला उलगडणार? त्यांचं मोठं, ऐसपैस गाणं आपल्यापर्यंत आलं ते रेडिओनं जपलं म्हणून आणि रसिकांनी मैफलींमध्ये टेप लावले म्हणून. प्रत्येकानं परवानगीची चिठ्ठी घेतली असेल असं नाही. ती माणसं एवढी काटेकोर असती, तर आज आपण गरीब असतो. हे मान्य. पण मैफल म्हणजे पंगत. वाढणारा वाढतोय, आपण थोडं पदरात बांधून नेलं. स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहणं वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, बायकांच्या "नको"चं एवढं काय घेऊन बसलीस? खरंच आहे. आपल्याकडे "नको" या शब्दाला किंमत आहे कुठं? पंगतीत "नको नको" म्हणणाऱ्याच्या पानात आपण आणखी एक पुरणपोळी टाकतो आणि त्याला आग्रह म्हणतो. मुलीला गाणं म्हणायला सांगा, ती तीनदा "नको" म्हणणार, चौथ्यांदा गाणार; पहिल्यांदाच गायली तर आगाऊ ठरणार. आमच्या हैदराबादेत तर हा शब्द दखनीतही गेला. भाजीवाला "नक्को अम्मा" म्हणतो आणि तरी दोन रुपये कमी करतो. तेव्हा सासूबाईंचं "ऐकवू नका" हे तसलंच लाजेचं, आग्रहाची वाट पाहणारं "नको" असेल तर? मी ते खरं धरून बसले तर त्यांचं गाणं माझ्या मोबाईलमध्येच कुजायचं.

पण पंगतीत वाढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, तिला फरक कळतो. एक "नको" तोंडानं म्हटलेलं असतं, त्यावर वाढावं. आणि एक "नको" असतं जेव्हा माणूस पानावर आडवा हात धरतो. त्या हातावर गरम भात कुणी वाढत नाही.

सासूबाईंचा हात आडवा होता का? इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी मंडळातल्या बायकांना सांगितलेली नाही, मुलीलाही आत्ता आत्ता सांगितली.

आजारानंतर पहिल्यांदा त्यांना मंदिरात नेलं तेव्हाची गोष्ट. व्हीलचेअर बाजूला लावली, मी शेजारी बसले. पूजा सुरू झाली आणि सवयीनं त्यांनी सूर लावला. तो सूर नव्हताच. घशातून एक जाडाभरडा आवाज आला, मोठ्यानं. पुढच्या ओळीतल्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. एका लहान मुलाला हसू आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा हात दाबला आणि हळूच म्हटलं, "आई, राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. "माझं आता कुणाला ऐकवू नका" हे त्या आठवड्यातलं वाक्य आहे.

म्हणजे तो आडवा हात त्यांचा होता, पण धरायला लावला मी. आता काय म्हणायचं? अन्नपूर्णा देवींच्या मौनाबद्दलही लोक किती बोलले. संसारापायी सोडलं म्हणतात, 'अभिमान' सिनेमाशी त्यांचं नाव जोडतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. पण समजा, एखाद्या बाईचं "नको" परिस्थितीनं तिच्या तोंडी घातलेलं असेल, तर ते मोडायचा हक्क आपल्याला मिळतो का? चार रात्री मी स्वतःला समजावत होते, की मिळतो. मीच गप्प केलं, तर आता मीच त्यांचं गाणं भर मंदिरात, त्याच जागी लावीन, तेव्हा वळून पाहिलेल्या बायका आता डोळे पुसतील, फिटंफाट होईल.

पाचव्या रात्री कळलं, की यात आईंचं काहीच नाही. हे माझं प्रायश्चित्त, आणि ते मी त्यांच्या खर्चानं करायला निघालेय. आधी माझी लाज वाचवायला त्यांचं तोंड बंद केलं, आता माझं मन हलकं करायला ते उघडणार. दोन्ही वेळा त्यांना विचारलं नाही. आता विचारायची सोयही नाही. त्या बरोबर सात वर्षं होत्या. रोज दुपारी चहाला समोरासमोर बसायचो. "आई, त्या दिवशी माझं चुकलं, तुम्ही गा," एवढं एक वाक्य मला सात वर्षांत जमलं नाही. दाराआड उभं राहून मोबाईल धरणं मात्र जमलं.

सहा रेकॉर्डिंगांचा हा हिशेब झाला. सातवं वेगळं आहे. ते मुलीनं केलेलं. ती सुटीत घरी आली होती आणि आजीच्या पायाशी बसून म्हणाली, "आजी, मला ते पाळण्याचं शिकव." या मुद्रणात सासूबाई पहिल्यापासून सावध आहेत. गाताना मध्येच थांबतात, दमतात, पाणी मागतात, आणि शेवटी त्यांचा बोबडा, तुटक आवाज येतो, "नीट... आलं का गं? नाय तर... परत म्हणते." हे ऐकलं की मला हसूही येतं आणि आतून पिळही पडतो. त्यांना आवाजाची लाज नव्हती. समोर कोण आहे, एवढंच त्या पाहत होत्या. नातीसमोर त्या परत परत म्हणायला तयार होत्या, बिनचूक येईपर्यंत. माझ्यासमोर नाही.

मग हे दिलेलं आहे, तर हे मंडळाला द्यावं का? मुलीला विचारलं, कारण दिलं तिला होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजीनं मला ते म्हणण्यासाठी दिलं, वाजवण्यासाठी नाही. मी येते पर्वात. मीच म्हणते."

म्हणजे दिलेल्या वस्तूलाही पत्ता असतो. एकाला दिलेलं सगळ्यांना दिलं, असं होत नाही. आपण लग्नातला आहेरसुद्धा पुढं सरकवताना आतली चिठ्ठी काढून टाकतो, आणि माणसाचा आवाज मात्र एका बोटानं दोनशे जणांना पाठवतो. घरात आजारी माणूस असेल, तर मैत्रिणींनो, एवढंच सांगते. त्याचा फोटो काढण्याआधी, आवाज भरून घेण्याआधी, विचारा. तो "नको" म्हणाला तर का म्हणतो तेही विचारा. कदाचित त्या "नको"ला तुमचाच हात लागलेला असेल, आणि तो काढून घ्यायला अजून वेळ असेल.

मंडळातल्या त्या दोघींना मी काल फोन केला. १९८७ची कॅसेट देते म्हटलं, कुकरच्या शिट्टीसकट. आजारपणातलं नाही देता येणार. "का हो वहिनी?" असं त्यांनी विचारलं. "त्यांनी दिलेलं नाही," मी म्हटलं. पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बरं. जशी तुमची इच्छा." तिला पटलं नसावं. नसू दे.

राहता राहिली ती सहा रेकॉर्डिंग. मी एवढं सगळं लिहिलं, म्हणजे ती पुसून टाकायला हवीत, हे मला कळतं. न दिलेलं घेतलं असेल तर नुसतं वाटलं नाही म्हणून ते आपलं होत नाही. दोनदा मोबाईल हातात घेतला. दुपारची वेळ होती, घरात कुणी नव्हतं, तांदूळ निवडायचे होते. दोन्ही वेळा पुसायच्या आधी एकदा ऐकू म्हटलं, आणि ऐकून मोबाईल परत ठेवून दिला.

अजून ती पुसलेली नाहीत.